मुकं छप्पर

चोख चालणाऱ्या यंत्राबद्दल तक्रार आली की मला मनातून बरं वाटतं. यंत्र बिघडलं असेल तर सुटा भाग बदलायचा आणि कऱ्हाडला परत यायचं, त्यात काय गंमत? पण यंत्र ठणठणीत आहे आणि तरी माणसं बोंबलतायत, म्हणजे गडबड माणसांत असते, आणि ती शोधायला मला फार आवडतं. माझा नवरा म्हणतो, मृणाल, तुझी ही खोड एक दिवस अंगाशी येणार. अजून तरी आलेली नाही.

पिंपळघळ ग्रामपंचायतीची तक्रार एका ओळीची होती. ‘छप्पर सरपंचबाईंचा आवाज खातंय.’

छप्पर म्हणजे आमचं ‘सभाध्वनी’ यंत्र. सरकारी नाव ते, पण गावोगाव त्याला मुकं छप्परच म्हणतात. ते का आलं हे सगळ्यांना ठाऊक आहे. राखीव जागेवर बाई निवडून यायची, पाटीवर तिचं नाव लागायचं आणि कारभार नवरा करायचा. सभेत तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसायचा आणि तिला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हा द्यायचा. त्याला दंड करून झाला, बाहेर काढून झालं. मग तो खिडकीतून बोलायला लागला. शेवटी नवा कायदा आला आणि त्याबरोबर हे छप्पर.

त्यामागचं शास्त्र सोपं आहे. आवाज म्हणजे हवेतली लाट. झोपाळा आपल्याकडे येत असताना समोरून नेमक्या वेळी, नेमक्या जोरानं हात लावला तर तो जागीच थांबतो, तसंच लाटेचं. तिच्या बरोबर उलटी लाट सोडली की दोन्ही एकमेकींना मारतात आणि कानापर्यंत काही पोचत नाही. सभागृहाच्या छताला बोराएवढे हजारभर स्पीकर असतात आणि तितकेच मायक्रोफोन. प्रत्येक माणसाचा घसा वेगळा, म्हणून आवाजाची घडणही वेगळी. निवडून आलेल्या सदस्यांचे आणि ग्रामसेवकांचे आवाज आधी नोंदवून घेतात. त्या आवाजांना छप्पर जाऊ देतं, बाकी कुणी तोंड उघडलं की त्याची उलटी लाट सोडतं. सरपंचांच्या पाठीमागच्या भिंतीवरच्या पडद्यावर कोण काय बोललं ते आपोआप उमटतं आणि तेच सभेचं इतिवृत्त.

यात एक गमतीची गोष्ट आहे. बोलणाऱ्याला स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांतून ऐकू येतच राहतो. हाडांपुढे छपराचं काही चालत नाही. त्यामुळे आपण मुके झालोय हे त्याला कळत नाही. ते समोरच्यांच्या चेहऱ्यावरून ओळखावं लागतं.

पिंपळघळला पोचले तेव्हा ग्रामसेवक भोईटे भाऊसाहेब पायरीवर बसले होते. उजव्या पायाच्या अंगठ्याला ही मोठी पट्टी.

“लागलं वाटतं?” मी विचारलं.

“लागलं न्हाई, डसला. विंचू. भर सभेत.” भाऊसाहेब लंगडत उठले. “त्यातनंच तर ही तक्रार निघाली मॅडम. बाईंनाच विचारा.”

सरपंच मोनाली शेडगे आत सभागृहात बसल्या होत्या. चाळिशीच्या आतबाहेरच्या, काटक अंगाच्या. छपराखाली बोलून उपयोग नाही हे आता त्यांना कळलेलं होतं, म्हणून मला बघताच त्या उठून बाहेर ओसरीत आल्या आणि मगच बोलल्या.

“मागल्या सभेत भाऊसाहेबांच्या पायाजवळ इंचू आला. मी वरडले, भाऊसाहेब, पाय उचला. ह्यांनी मान बी वर केली न्हाई. पुन्यांदा वरडले. मग तो डसलाच.” त्या हसल्या, पण हसू टिकलं नाही. “माझं कोन ऐकत न्हाई ते मला ठाऊक हाय मॅडम. पन इंचू म्हनल्यावर बी ऐकू नये? तवा म्हनलं, ह्यात कायतरी निराळं हाय.”

“छप्पर बसून दोन महिने झाले ना? म्हणजे याआधी एक सभा झाली असेल. तेव्हा नाही कळलं? समोरच्यांच्या चेहऱ्यावरून?”

“चेहऱ्यावरनं कसं कळावं?” मोनालीताई म्हणाल्या. “चेहरे नेहमीसारखेच व्हते.”

माझ्या वहीत ‘छपराला धोक्याची हाक ओळखता यायला हवी’ एवढं मी लिहून घेतलं आणि आत गेले.

त्यांना खुर्चीत बसवून खुणेनंच बोलायला सांगितलं. ओठ हलले, हात हलले, पडदा कोरा. भाऊसाहेब खोकून म्हणाले, “चालू हाय का हे?” तर तेवढं लगेच पडद्यावर उमटलं. यंत्र चोख होतं. माझ्या अंगावर आनंदानं काटा आला, खोटं कशाला बोलू? मी नोंदवलेल्या आवाजांचे मूळ नमुने उघडले. ‘सरपंच, पिंपळघळ’ या नावापुढचं बटण दाबलं.

भरदार, खर्जातला पुरुषी आवाज सभागृहात घुमला. “मी, सरपंच, गावाच्या हितासाठी...”

“हा तर माझा आवाज,” दारातून कुणीतरी म्हणालं, आणि पडद्यावर अक्षरं उमटली, ‘सरपंच: हा तर माझा आवाज.’

दारात धैर्यशील शेडगे उभे होते, मोनालीताईंचे मालक. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, सगळं गाव त्यांना दादा म्हणतं.

सगळा उलगडा भाऊसाहेबांनी केला. नोंदणीचं पथक शेडग्यांच्या घरी आलं होतं. ओळख पटवायला अंगठा हवा होता म्हणून मोनालीताई चुलीपासून हात पुसत आल्या, अंगठा देऊन पाहुण्यांच्या पोह्यांकडे परत गेल्या. मग पथकातला माणूस म्हणाला, सरपंचांनी आता चार ओळी वाचा. सोप्यावर बसलेल्या दादांनी सवयीनं कागद हातात घेतला आणि वाचल्या. लबाडी अशी काही नव्हती. ‘सरपंच कोण’ म्हटलं की दादांनी ‘बोला’ म्हणायचं, हा त्या घराचा शिरस्ता होता. अंगठा बायकोचा, आवाज नवऱ्याचा, आणि पथकाला त्यात वावगं वाटलं नाही. त्यांना पोहे आवडले एवढं मात्र भाऊसाहेबांच्या लक्षात होतं.

पहिल्या सभेत दादा बोलले ते सगळ्यांना ऐकू गेलं, पडद्यावर ‘सरपंच’ म्हणून उमटलं, आणि कुणाच्या भुवया वर गेल्या नाहीत. नवऱ्याला गप्प बसवायला आणलेल्या छपरानं त्याला कायद्यानं सरपंच करून टाकलं होतं.

“मग बदला की ते,” मोनालीताई ओसरीत येऊन म्हणाल्या. “उद्या सभा हाय. उद्या मला बोलायलाच पायजे.”

उद्याच्या सभेत खडी क्रशरचा विषय होता. गावामागच्या टेकडीवर सुर्वे नावाच्या माणसाला क्रशर टाकायचा होता आणि त्यासाठी ग्रामपंचायतीची ना-हरकत हवी होती. त्याच टेकडीच्या पोटातून गावाचा एकुलता एक बारमाही झरा येतो. सुरुंग लागले की झरा कुठल्या भेगेत जाईल सांगता येत नाही. मोनालीताईंचं म्हणणं, ना-हरकत द्यायची नाही. बाकीचे सहा सदस्य तीन इकडे, तीन तिकडे. म्हणजे ठरवायचं सरपंचांच्या आवाजानं.

“आनि मी सुर्व्याला शब्द दिलाय,” धैर्यशीलदादा म्हणाले. “चार गावांत माझ्या शब्दाला किंमत हाय.”

मी दोघांना नियम समजावून सांगितला. नोंद चुकीची आहे असा अहवाल मी वर पाठवला, तर तोतया आवाजाचं कलम लागणार आणि मोनालीताईंचं पद जाणार. मग कारभार उपसरपंचांकडे, आणि ते सुर्व्याचे साडू. दुसरी एक वाट होती. घशाचं ऑपरेशन वगैरे व्हायचं असेल तर आवाज बदलण्याची सोय कायद्यात आहे. सरपंचांच्या पाठीमागं कुणी नोंद बदलू नये म्हणून तिला एकच अट आहे. भरसभेत जुन्या आवाजानं म्हणायचं, ‘इथून पुढं माझा आवाज हा,’ आणि लगेच नव्या आवाजानं आपलं नाव सांगायचं. मी काही करू शकत नव्हते. भाऊसाहेब काही करू शकत नव्हते. ते वाक्य फक्त धैर्यशीलदादांच्या घशातून यायला हवं होतं.

“म्हंजे मी माझ्याच तोंडानं माझं तोंड बंद करायचं?” दादांनी विचारलं.

“तुमचं न्हाई. माझं उघडायचं,” मोनालीताई म्हणाल्या.

“ते घरी बोलू आपण.”

भाऊसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मागाहून त्यांनी सांगितलं, हे दादांचं ठेवणीतलं वाक्य. सभेत बाईंनी काही काढलं की दादा हसून म्हणायचे, ते घरी बोलू. आणि घरी? घरी कोण बोलतंय!

आता मी जे केलं ते नियमात बसतं, पण ते मी नियमासाठी केलं नाही. मला बघायचं होतं काय होतं ते. तंत्रज्ञाला चाचणीसाठी कुठलीही नोंद पाच मिनिटं बंद ठेवता येते. बदलता येत नाही, फक्त बंद. त्या वेळेपुरता माझा आवाज चालतो आणि त्यातलं काही इतिवृत्तात जात नाही. मी सगळ्यांना आत बोलावलं, दादांना सरपंचांच्या खुर्चीत बसवलं, त्यांची नोंद बंद केली आणि म्हटलं, “चाचणी घ्यायची आहे. क्रशरचा फायदा काय ते जरा सविस्तर सांगा.”

दादा बोलायला लागले. बोलणारा माणूस तो, हातवारे करत, बोटांवर मोजत फायदे सांगत होता. मी भाऊसाहेबांना अंगठ्याला कुठलं मलम लावलंत ते विचारलं आणि त्यांनी मला सगळी हकीकत सांगितली. मोनालीताई खिडकीबाहेर बघत होत्या. दादा हसले, म्हणजे काहीतरी विनोद केला असावा. कुणी हसलं नाही. दादांनी तो पुन्हा केला असं दिसलं. मग त्यांचा हात हळूहळू खाली आला. ते माझ्याकडे, भाऊसाहेबांकडे, बायकोकडे आळीपाळीनं बघायला लागले. चेहरा असा झाला, जणू लग्नाच्या पंगतीत पान मांडलंय आणि वाढपी पुढून निघून जातोय. त्यांनी धाडकन टेबलावर हात आपटला. छप्पर माणसाचा आवाज अडवतं, टेबलाचा नाही. भाऊसाहेब दचकून म्हणाले, “काय दादा? कायतरी म्हनलात?”

पाच मिनिटं संपली तेव्हा दादांचा आवाज मधूनच परत आला. “...माझं कुनी ऐकतंय का न्हाई इथं!”

ते तरातरा ओसरीत गेले. आम्हीही मागोमाग गेलो. घोटभर पाणी पिऊन त्यांनी बायकोला विचारलं, “असं व्हतं व्हय तुला? दोन महिने?”

“छपरानं दोनच महिने केलं,” मोनालीताई शांतपणे म्हणाल्या. “त्याच्या आदीची दोन वर्सं कुठं छप्पर व्हतं?”

दादा चप्पल पायात सरकवून शेताकडं निघून गेले. मी ठरवलं, आज परत जायचं नाही. नवऱ्याला फोन करून सांगितलं, काम वाढलंय. तो म्हणाला, यंत्र बिघडलंय का? म्हटलं, छे, एकदम चोख आहे.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं. सात सदस्य टेबलाभोवती, बाकी गाव मागच्या बाकांवर. गावकऱ्यांना बसता येतं, बोलता मात्र येत नाही, त्यामुळे मागं सगळे एकमेकांना खाणाखुणा करत होते. सुर्वे पहिल्याच बाकावर होता, गळ्यात जाड साखळी, तोंडात सुपारी. सरपंचांच्या खुर्चीत मोनालीताई, शेजारच्या खुर्चीत दादा. दोघं घरून एकत्र आले होते पण वेगवेगळे चालत. काही ठरलं का, असं मी ताईंना नजरेनं विचारलं. त्यांनी मान नकारार्थी हलवली.

गटाराचा विषय झाला, दिव्यांचा झाला. दादा नेहमीसारखे बोलत होते आणि पडद्यावर ‘सरपंच: मंजूर’ उमटत होतं. मग भाऊसाहेबांनी टेकडीचा विषय वाचला. सदस्यांची मतं झाली. तीन इकडे, तीन तिकडे. भाऊसाहेब म्हणाले, “सरपंचांनी निर्णय द्यावा.”

सगळ्या गावानं दादांकडे बघितलं. सुर्व्यानं मान डोलावून त्यांना खूण केली.

मोनालीताई उभ्या राहिल्या आणि बोलायला लागल्या. ओठ सावकाश हलत होते, एकेक शब्द वेगळा करून. आवाज नाही, पडदा कोरा. ते बघवत नव्हतं. आपल्याला कुणी ऐकत नाही हे पक्कं ठाऊक असताना ही बाई भरसभेत उभी राहून बोलत होती, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

“ना-हरकत...” दादांनी उठून सुरुवात केली. पडद्यावर तेवढंच उमटलं आणि थांबलं. सुर्वे पुढं सरकून बसला.

दादांनी मान वळवून बायकोकडे बघितलं. नुसतं बघितलं नाही, तिच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिले. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, असं भाऊसाहेबांनी सांगितलं होतं. या अठरा वर्षांत ती काय म्हणतेय ते कळावं म्हणून त्यांनी इतकं निरखून कधी बघितलं असेल असं मला वाटत नाही.

“काय? पुन्यांदा सांग,” दादा म्हणाले. पडद्यावर उमटलं, ‘सरपंच: काय? पुन्यांदा सांग.’

मागच्या बाकांवर माणसं हसताना दिसली, आवाज अर्थात नव्हता. मोनालीताईंनी पुन्हा सांगितलं. दादांचे ओठ तिच्या ओठांबरोबर हलायला लागले, पोरं पाढा म्हणताना बाईंच्या तोंडाकडे बघतात तसे. मग आवाज निघाला.

“हा झरा... मी लग्न होऊन आले तवापासनं... पुन्यांदा सांग... तवापासनं या झऱ्याचं पानी भरलंय. सुरुंग लावनाऱ्यानं एक हंडा बी भरला न्हाई.”

सुर्व्याचं चघळणं थांबलं. तो उभा राहून हात नाचवत काहीतरी ओरडला. छपरानं ते गिळून टाकलं.

मोनालीताईंनी पुढचं वाक्य म्हटलं. दादांना ते पहिल्यांदाच कळलं असावं, कारण त्यांचा चेहरा उतरला. तरी त्यांनी विचारलं, “हे बी म्हनू?” ताईंनी मान डोलावली. दादांनी एकदा सुर्व्याकडे बघितलं, एकदा गावाकडे. मग त्यांच्या त्या भरदार आवाजात, अक्षरही न बदलता, म्हणाले,

“माझ्या नवऱ्यानं शब्द दिलाय. तो त्याचा हाय. गावाचा न्हाई.”

आता मागं कुणी हसताना दिसलं नाही.

“ना-हरकत नामंजूर,” दादा म्हणाले आणि खाली बसले. कपाळावरचं गंध घामानं ओघळलं होतं. पडद्यावर सगळं ओळीनं उमटलेलं होतं, ‘पुन्यांदा सांग’सकट.

मला वाटलं झालं. झरा वाचला, आता बाकीचं काय होईल ते होवो. पण दादा परत उठले. या वेळी त्यांनी बायकोच्या तोंडाकडे बघितलं नाही. वर छपराकडे बघितलं आणि रागावल्यासारखं, मोठ्यानं म्हणाले, “इथून पुढं माझा आवाज हा.” आणि बोट तिच्याकडे केलं.

“मोनाली धैर्यशील शेडगे.”

आवाज बारीक होता, थोडा घोगरा. घसा साफ करायचं राहून गेलं होतं. पडद्यावर नाव उमटलं आणि हिरवी खूण आली. मागचं सगळं गाव टाळ्या वाजवायला लागलं. टाळ्यांना छप्पर अडवत नाही, त्यामुळे त्या दणक्यात वाजल्या. सुर्वे त्यातूनच उठून बाहेर गेला.

टाळ्या थांबल्या तरी धैर्यशीलदादा उभेच होते. आणि ते बोलत होते. काहीतरी समजावून सांगत होते, छातीला हात लावून, मान हलवून. आपला आवाज आता गेलाय हे त्यांना ठाऊक होतं, पण हाडांतून तो येत असणार, म्हणून थांबवत नसावं. मला एकही शब्द कळला नाही. भाऊसाहेब चष्मा पुसत होते. गावाचं लक्ष सुर्व्याच्या गाडीकडे होतं. सगळ्या सभागृहात एकटी मोनाली त्यांच्या ओठांकडे बघत होती. मन लावून, शेवटपर्यंत. त्यांचं बोलून होईस्तोवर ती मध्ये बोलली नाही.

मग म्हणाली, “ते घरी बोलू आपण.”

दादांनी तोंड मिटलं. खुर्ची उचलून मागच्या बाकांपाशी नेऊन बसले.

“भाऊसाहेब,” मोनालीताई म्हणाल्या, “पुढचा विषय घ्या. आनि पाय वर घेऊन बसा.”